एच.आर.ला तोंडी सांगून अडीच महिने झाले, पुढे काहीच हालचाल नाही

प्रश्न – गुणवत्ता निरीक्षक, सातारा

वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी चार वर्षांपासून तपासणीचे काम करते. मी व्हर्निअरने माप घेत असताना आमचे विभागप्रमुख "असं धर" म्हणत मागून माझा हात धरतात. सप्टेंबरपासून हे सुरू आहे, आणि रात्री अकरानंतर त्यांचे व्हॉट्सॲपवर येणारे संदेश घरी कोणाला दाखवण्यासारखे नसतात. शेवटचा प्रकार 10 नोव्हेंबरला घडला आणि दोनच दिवसांनी मी एच.आर. व्यवस्थापकांना भेटून सर्व सांगितले. त्यांनी चहा मागवला, पाऊण तास ऐकून घेतले, एक अक्षरही लिहून घेतले नाही आणि "साहेबांची मुलगी तुमच्याच वयाची आहे, मी समज देतो, विषय वाढवू नका" असे सांगून मला परत पाठवले. त्यानंतर माझा ओव्हरटाइम मात्र बंद झाला. कँटीनच्या भिंतीवर अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीचा फलक आहे, पण त्यावरील दोन सदस्य नोकरी सोडून गेले आहेत. मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापन आहे आणि माझ्याविषयीचा शेरा हेच विभागप्रमुख लिहितात. आता मी कोणाकडे जावे?

उत्तर 1 – एका समितीची बाह्य सदस्य

ताई, आज 22 जानेवारी आहे, हे आधी लक्षात घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते, म्हणजे तुमच्या हाती 10 फेब्रुवारीपर्यंतचाच वेळ आहे. समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते; पण ज्या समितीला आपले सदस्य कोण हेच धड ठाऊक नाही, तिच्या मर्जीवर ही गोष्ट सोडू नका. एच.आर.ने ऐकून घेतले याचा अर्थ तक्रार दाखल झाली असा होत नाही. "विषय वाढवू नका" म्हणण्यात नेहमी कट असतो असे मी म्हणणार नाही, पण त्या काळात मुदत मात्र सरत राहते.

तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या नावाने लिहा, तिच्या सहा प्रती पुराव्यांसह द्या आणि स्वतःच्या प्रतीवर पोच घ्या. त्याच अर्जात अंतरिम मागणीही करा: चौकशी संपेपर्यंत तुमच्या कामाचे मूल्यमापन या गृहस्थांनी करू नये आणि त्यांची किंवा तुमची दुसरीकडे बदली करावी. तुम्हाला हवी असल्यास तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते, आणि ती तुमच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. मार्चची भीती आहे म्हणून मी मूल्यमापनाचा मुद्दा मुद्दाम आधी सांगितला. बहुतेक अर्जांत तो राहूनच जातो. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत मालकाने त्यावर कारवाई करायची असते.

समिती केवळ फलकावरच असेल, म्हणजे मुळात स्थापनच झालेली नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिच्याबद्दल जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. समिती न नेमणाऱ्या मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे एच.आर.च्या कानावर गेले तरी कधी कधी फाइल हलते.

उत्तर 2 – पंधरा वर्षे शॉप फ्लोअरवर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त पुराव्याबद्दल थोडे सांगतो. संतापाच्या भरात ते संदेश पुसू नका आणि त्यांना ब्लॉक करण्यापूर्वी सगळे संभाषण तारखांसह जतन करा. ज्या पाळ्यांत हे घडले त्यांचे ड्युटी चार्ट, आणि ओव्हरटाइम कधी थांबला हे दाखवणाऱ्या पगारपत्रकांच्या प्रती आताच मिळवा, कारण तक्रार पोहोचल्यावर कागद शोधायला गेलात तर कपाटाची किल्ली कोणालाच सापडत नाही. तसेच एच.आर.ला आजच एक साधा मेल पाठवा: "12 नोव्हेंबरला मी आपल्याला प्रत्यक्ष भेटून अमुक गोष्टी सांगितल्या होत्या." उत्तर आले नाही तरी त्या भेटीची तारीख कागदावर येते.

उत्तर 3 – या वाटेने गेलेली

मी घाईघाईने "आठ दिवसांत निकाल द्या" असा आग्रह धरला होता, ती चूक तुम्ही करू नका. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात चौकशी घाईने उरकली आणि त्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असलेच पाहिजेत, हेही तपासा. तुमच्या फलकावरची दोन नावे गळाली आहेत, तेव्हा हा प्रश्न पुढे येणारच. पोलिसांत जायचे असल्यास भारतीय न्याय संहितेचे लैंगिक छळाबद्दलचे कलम 75 आहे, आणि त्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. सामोपचाराचा प्रस्ताव आला तर तो स्वीकारायचा की नाही हे सर्वस्वी तुम्हीच ठरवायचे असते, आणि पैसे देऊन तडजोड कायद्याला मान्य नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. मेल काल रात्री पाठवला. आज सहा प्रती घेऊन गेले, तेव्हा अध्यक्ष रजेवर होत्या आणि आवक विभागातील क्लार्कने शिक्का मारायला नकार दिला, म्हणून दुपारच्या सुट्टीत तीच तक्रार अध्यक्षांच्या नावे कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवली. पावती मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली आहे. सोमवारी जिल्हा कार्यालयात जाऊन येते आणि तिथे काय सांगतात ते इथे लिहिते.