शब्दचर्चा : ‘गेले होते’ला ‘हॅड गॉन’ का चालत नाही?

बीकॉम दुसरं वर्ष

नमस्कार. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची आणि आता कॉलेजात सगळं इंग्रजीत, अशी माझी परिस्थिती. कंपल्सरी इंग्लिशच्या असाइनमेंटमध्ये रविवार कसा घालवला यावर परिच्छेद लिहायचा होता. मी लिहिलं, ‘ऑन संडे आय हॅड गॉन टू भरुच. वी हॅड ईटन लंच अ‍ॅट माय आंट्स प्लेस. वी हॅड कम बॅक बाय ट्रेन.’ सरांनी तिन्ही ‘हॅड’ कापले आणि वर लाल शाईने ‘वेंट’, ‘एट’, ‘केम’ लिहून दिलं. कारण विचारलं तर म्हणाले, इथे पास्ट परफेक्ट लागत नाही.

पण मराठीत मी ‘रविवारी मी भरुचला गेले होते’ असंच म्हणणार ना? नुसतं ‘रविवारी मी भरुचला गेले’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो. शाळेत ‘गेले होते’ म्हणजे पूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट, असं पाठ केलंय. मग या ‘होते’चा नेमका अर्थ काय?

रावपुरेकर

सर बरोबर आहेत. दोन गोष्टी भूतकाळातल्या असतील तर आधीच्या गोष्टीला ‘हॅड’. एकच असेल तर साधा भूतकाळ. विषय संपला.

मांडवीची सून

रावपुरेकर, तुमचा संपला असेल, तिचा कुठे संपलाय? नियम तिला कॉलेजातही कळला आहे. ती विचारतेय मराठीबद्दल, आणि तेच कुणी सांगत नाही. मी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं इंग्रजी घेते. दरवर्षी वह्यांमध्ये ‘हॅड’चा पाऊस असतो. ही मुलं कच्ची नसतात. ती मराठी, गुजराती अगदी अचूक बोलत असतात आणि तीच अचूकता इंग्रजीत नेतात.

बेटा, घरातली तीन वाक्यं घे.

आत्या आली.
आत्या आली आहे.
आत्या आली होती.

पहिलं वाक्य दारातून ओरडून सांगायचं. रिक्षा थांबली, पिशव्या उतरल्या, आत्या आली. दुसरं ऐकलं की आई चहाचं आधण वाढवते, कारण आत्या आत बसलेली आहे. तिसरं ऐकल्यावर कुणी चहा ठेवत नाही. आत्या आली आणि गेलीसुद्धा. ‘होती’ने आत्याला घराबाहेर काढलं.

म्हणून ‘मी भरुचला गेले होते’ यात ‘गेले, आणि आता परत आलेय’ एवढा सगळा मजकूर आहे. वही लिहिताना तू बडोद्यात बसलेली होतीस, तेव्हा तुला ‘होते’ लागणारच. नुसत्या ‘गेले’मध्ये परतीची खबर नाही, म्हणून तुला ते वाक्य अर्धवट वाटतं. तुझा कान शंभर टक्के बरोबर आहे.

इंग्रजीच्या ‘हॅड’ला मात्र तू परत आलीस की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्याला भूतकाळातला दुसरा एक क्षण लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट झाली. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ पोचलो तो एक क्षण, गाडी त्याच्या आधी सुटली. तुझ्या परिच्छेदात असा क्षण कुठे आहे? गेलात, जेवलात, आलात, सगळं ओळीने. ‘आय हॅड गॉन टू भरुच’ एवढंच वाचलं की इंग्रजी वाचणारा विचारतो, कशाच्या आधी?

आता गोची कुठे होते बघ. ‘आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ इथे मराठीलाही ‘होती’ लागतं, इंग्रजीलाही ‘हॅड’. पाठ्यपुस्तकं उदाहरण म्हणून नेमकं असलंच वाक्य निवडतात, हमखास गाडी सुटलेलीच असते किंवा डॉक्टर येण्याआधी रोगी गेलेला असतो. दोन्ही भाषा जिथे जुळतात तेवढी एकच जागा मुलांना दाखवायची आणि दोन्हीला नाव एकच द्यायचं. मग मुलं दोन्ही सरसकट एक धरतात, यात त्यांचा काय दोष?

कोठी चार रस्ता

त्यात आपल्या गावाची भर. गुजरातीत ‘हुं काले भरुच गयो हतो’, हिंदीत ‘मैं कल भरूच गया था’. घर, बाजार, टीव्ही, तिन्हीकडे एकच सवय. गुजराती मित्राला विचारून बघ, त्याच्याही वहीत तेच ‘हॅड’ आणि तीच लाल शाई. इंग्रजी एकटी पडते.

निजामपुऱ्यातला

मुंबईचा मावसभाऊ ‘काल मी गेलेलो’ म्हणतो. हा चौथा प्रकार का?

मांडवीची सून

नाही, ते ‘गेलो होतो’च, बोलीतलं. अर्थ तोच, तोही परत आलेला आहे.

रावपुरेकर

ताई, आत्याचं पटलं. पण एक शंका आहे. ‘मी तुला सांगितलं होतं!’ यात कोण कुठे गेलं आणि कोण परत आलं? सांगितलेलं काही परत घेतलेलं नाही. उलट ते अजून डोक्यावर मारायचंय म्हणून तर बोलतोय. तुमचा ‘गेलं आणि परत आलं’ अर्थ इथे बसत नाही.

मांडवीची सून

आता चर्चेला रंग आला. बरोबर पकडलंत. परत येणं हा ‘होतं’चा एक प्रकार झाला, पूर्ण अर्थ नव्हे. मला वाटतं, ‘होतं’ एवढंच सांगतं की ती गोष्ट आणि आताची वेळ यांच्यामध्ये काहीतरी घडून गेलंय. आत्याच्या बाबतीत मध्ये आत्या निघून गेली. भरुचच्या बाबतीत मध्ये परतीचा प्रवास झाला. ‘सांगितलं होतं’मध्ये मध्ये काय झालं? तू ऐकलं नाहीस आणि व्हायचं ते झालं. ‘इथे किल्ली ठेवली होती’ म्हटलं की किल्ली आता तिथे नाही, म्हणून तर आपण सोफ्याखाली वाकून बघतोय. ‘मी हा सिनेमा पाहिला होता’ म्हणणाऱ्याला गोष्ट विचारू नये, मध्ये बरीच वर्षं गेलीत आणि तो विसरलाय. ‘पाहिलाय’ म्हणणारा शेवट सांगून टाकेल.

आणि तुमच्या वाक्याचं इंग्रजी करा. भांडणात इंग्रज माणूस ‘आय टोल्ड यू’ म्हणेल. आपण ‘आय हॅड टोल्ड यू’ म्हणतो, कारण आपल्याला मधली भानगड ‘हॅड’मध्ये घालायची असते. तो ती आवाजात घालतो.

सुरसागर काठचा

ताईंच्या म्हणण्याला एक उलटा पुरावा देतो. उलटा म्हणजे पुष्टी देणाराच. ‘महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी 1949 मध्ये स्थापन झाली.’ इथे मी कधीच ‘झाली होती’ म्हणणार नाही. म्हटलं तर मध्ये काही घडलं, म्हणजे ती बंद पडली की काय, असं वाटेल. ‘सयाजीरावांचा जन्म 1863 मध्ये कवळाण्याला झाला’, इथेही ‘झाला’. पण ‘ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला होता’ म्हणताना ‘होता’ आपोआप येतो, कारण पाणी ओसरलं. 2001 चा भूकंप ‘झाला होता’ हेही तसंच.

इंग्रजीत मात्र चारही ठिकाणी साधा भूतकाळ. युनिव्हर्सिटी ‘वॉज फाउंडेड’, सयाजीराव ‘वॉज बॉर्न’, नदी ‘फ्लडेड’, भूकंप ‘स्ट्रक’. साल दिलंय ना, मग ‘हॅव’ही नको आणि ‘हॅड’ही नको.

(हल्ली मराठी बातम्यांतही ‘त्यांचा जन्म अमुक गावी झाला होता’ असं सर्रास वाचायला मिळतं. ते हिंदीच्या ‘हुआ था’चं कलम आहे. माझ्या कानाला तरी जन्म रद्द झाल्यासारखं वाटतं.)

कोठी चार रस्ता

बडोद्याचा विषय निघालाच आहे तर, ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ आठवला. 1931 मध्ये संस्थानाने काढलेला राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली, अशा सात भाषांतले प्रतिशब्द. मला तो ग्रंथ फार थोर वाटतो. न्यायाधीश, वसुली, दाखला असल्या शब्दांना रकाने जुळवता येतात, कारण त्या पदाचं किंवा कागदाचं काम सगळीकडे सारखंच असतं. क्रियापदाच्या काळांना मात्र असे रकाने पाडले की ताईंच्या विद्यार्थ्यांसारखी गत होते. तरी शाळेत फळ्यावर तेच करतात. डावीकडे ‘होता’, उजवीकडे ‘हॅड’, मध्ये बरोबरचं चिन्ह.

बीकॉम दुसरं वर्ष

काकू, आत्याची वाक्यं पेपरात लक्षात राहतील! मग ‘आली आहे’ तरी ‘हॅज कम’ला जुळतं ना? की तिथेही भांडण आहे?

मांडवीची सून

बरंचसं जुळतं, पण ‘काल’ आला की फारकत. ‘आत्या कालच आली आहे’ हे उत्तम मराठी आहे, आत्या अजून घरात आहे म्हणून. ‘शी हॅज कम यस्टरडे’ मात्र चुकीचं. काल, परवा, गेल्या वर्षी, 2019 मध्ये, असा शब्द वाक्यात आला की इंग्रजी लगेच ‘केम’ मागते. आत्या घरात आहे हे वेगळ्या वाक्यात सांग, ‘अँड शी इज स्टिल हिअर.’

गंमत म्हणजे तुझ्या ‘परत आलेय’साठी इंग्रजीकडे सोय आहे, फक्त ती ‘हॅड’मध्ये नाही. ‘शी हॅज गॉन टू भरुच’ म्हणजे गेली आहे, अजून तिथेच. ‘शी हॅज बीन टू भरुच’ म्हणजे जाऊन आली आहे. आपल्या ‘जाऊन आली’ला हा ‘बीन’ किती छान बसतो बघ. पण याच्यासोबतही ‘ऑन संडे’ लिहायचं नाही. वार लिहिलास की पुन्हा ‘वेंट’.

निजामपुऱ्यातला

थोडं विषयांतर. माझ्या बायोडेटात ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ कापून ‘अ युनिव्हर्सिटी’ केलं, पण ‘अ‍ॅन एमएस युनिव्हर्सिटी ग्रॅज्युएट’ तसंच ठेवलं. एकाच कागदावर दोन न्याय?

सुरसागर काठचा

दोन्ही देवनागरीत लिहून बघा. ‘युनिव्हर्सिटी’ची सुरुवात ‘य’ने, ते व्यंजन. ‘एमएस’ची सुरुवात ‘ए’ने, तो स्वर. इंग्रजी स्पेलिंगमधला यू आणि एम बघू नका, उच्चार ऐका. हा एकच प्रश्न असा आहे की आपल्या लिपीत उत्तर लिहूनच येतं. आता मूळ विषयाकडे वळा.

बीकॉम दुसरं वर्ष

मूळ विषयातलंच विचारते. त्याच असाइनमेंटमध्ये मी लिहिलं होतं, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन वडोदरा सिन्स फाइव्ह इयर्स’, तेही कापलंय. (काकू, हे ‘लिहिलं होतं’ बरोबर ना? मध्ये सरांनी कापलं!)

मांडवीची सून

शाबास. कंसातल्या वाक्याला पैकीच्या पैकी.

कापलेल्या वाक्यात दोन गाठी आहेत. आपल्याला ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘2020 पासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ पुरतं. इंग्रजीत कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’. हे चार दिवसांत जमेल. दुसरी गाठ जरा घट्ट आहे. आपण ‘राहतेय’ म्हणतो, वर्तमानकाळ, कारण मी आताही इथेच राहते. इंग्रजी मात्र सुरुवात मागे आहे म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’ करते. म्हणजे जिथे ती ‘हॅव’ मागते तिथे आपण वर्तमानकाळच वापरतो आणि जिथे ती ‘हॅड’ नको म्हणते तिथे आपण ओततो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, वही तपासताना आधी प्रत्येक ‘हॅड’वर बोट ठेवा आणि विचारा, कशाच्या आधी? उत्तर त्याच परिच्छेदात सापडलं तर ठेवा, नाही सापडलं तर खोडा.

रावपुरेकर

मग ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’ या ‘हॅड’चं काय? ‘कशाच्या आधी’ विचारलं तर तुमच्या बोटाखाली तोही खोडला जाईल.

मांडवीची सून

‘इफ’च्या पोटातल्या ‘हॅड’ला बोट लावायचं नाही, तो वेगळ्या कामाला आलाय. तिथे मराठीत ‘होतं’ येतच नाही. ‘मला माहीत असतं तर मी आले असते.’ ‘असतं’ म्हणजे तसं झालेलंच नाही. मला माहीतही नव्हतं आणि मी आलेही नाही. तेव्हा मुलांनी मराठीत वाक्य म्हणून बघावं. ‘असतं तर’ आलं की ‘इफ’बरोबर ‘हॅड’ बिनधास्त ठेवावा. मोह होतो तो पुढच्या तुकड्यात, ‘इफ आय हॅड नोन, आय हॅड कम’ लिहिण्याचा, कारण आपल्याकडे ‘असतं’ आणि ‘असते’ दोन्हीकडे सारखंच येतं. इंग्रजीत दुसरीकडे ‘वुड हॅव’.

बीकॉम दुसरं वर्ष

‘इफ सर हॅड एक्स्प्लेन्ड धिस, आय वुड नॉट हॅव आस्क्ड हिअर.’ चालेल?

रावपुरेकर

व्याकरण बिनचूक. वहीत मात्र लिहू नकोस.