मदत हवी आहे: सर्टबॉट ४०४ देतंय, तीच फाइल ब्राउझरमध्ये मात्र उघडते (बडोदा)

दांडियाबाजार_मंडळ:
आमच्या गणेश मंडळाची साइट गेल्या आठवड्यात नव्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हलवली. ऑपरेटिंग सिस्टम उबुंटू, वेबसर्व्हर एनजिनएक्स. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट (ब्राउझरमधलं कुलूप देणारं) सर्टबॉट या प्रोग्रॅमने मागवतोय, पण काही केल्या मिळत नाहीये. एरर: ‘इनव्हॅलिड रिस्पॉन्स… ४०४’. चॅलेंजच्या फोल्डरमध्ये (डोमेन आपलंच आहे का हे तपासायला लेट्स एन्क्रिप्ट इथली फाइल वाचतं) हाताने फाइल टाकून बघितली, लगेच उघडते. सात-आठ वेळा चालवून झालं. उद्या वर्गणीचा फॉर्म सुरू करायचाय आणि ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतोय. कृपया लवकर सांगा.

फतेगंज_सर्व्हर:
पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) बंद असणार. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूची फायरवॉल) ‘एनजिनएक्स फुल’ चालू करा. व्हीपीएसच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते, तिथेही ८० आणि ४४३ (एचटीटीपीएसचं) उघडा.

रावपुरा_रूट:
पोर्ट बंद असतं तर टाइमआउट आला असता. ४०४ म्हणजे कुठल्यातरी वेबसर्व्हरने ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर दिलंय. कुठल्या, ते शोधायचं. दादा, सर्टबॉटची कमांड --वेबरूटची (फक्त फोल्डरमध्ये फाइल ठेवणारी) की --एनजिनएक्सची (एनजिनएक्सची मांडणी स्वतः बदलणारी)? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू धरून दोन्ही नावं दिलीत का? एरर पूर्ण टाका, एकही ओळ न गाळता. आणि तोवर हात आवरा: एका नावाच्या पाच तपासण्या तासाभरात फसल्या की लेट्स एन्क्रिप्ट पुढच्या नाकारतं. चाचणी --ड्राय-रन लावून करा, ती वेगळ्या सर्व्हरवर जाते.

कारेलीबाग_के:
एवढा खटाटोप कशाला? डीएनएस चॅलेंज घ्या, म्हणजे फाइलऐवजी डोमेनच्या डीएनएस नोंदींतून तपासणी. ‘_एक्मी-चॅलेंज’ नावाचं टीएक्सटी रेकॉर्ड टाकलं की पोर्ट ८० चा संबंधच उरत नाही.

रावपुरा_रूट:
ताई, डीएनएसवाल्याचा एपीआय (प्रोग्रॅमला रेकॉर्ड बदलू देणारी सोय) असेल तरच. नाहीतर दर खेपेला रेकॉर्ड हाताने बदलावं लागतं, आणि सर्टिफिकेटची ९० दिवसांची मुदत संपताना ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

अलकापुरी_२:
क्लाउडफ्लेअर (साइट आणि वाचक यांच्या मधे बसणारी सेवा) पुढे लावा, पाच मिनिटांत कुलूप दिसेल.

कारेलीबाग_के:
‘फ्लेक्सिबल’वर ठेवलं तर कुलूप दिसतं, पण क्लाउडफ्लेअरपासून सर्व्हरपर्यंत सगळं उघडंच जातं. वर्गणीच्या फॉर्मला हे चालणार नाही. ‘फुल स्ट्रिक्ट’ हवं, आणि त्याला सर्व्हरवर सर्टिफिकेट लागतंच.

मांडवी_जुना:
विकतचं घ्या. वर्षभर बघायला नको.

फतेगंज_सर्व्हर:
काका, ते दिवस गेले. १५ मार्च २०२६ पासून विकतच्या सर्टिफिकेटचीही मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२९ पासून ४७. एन्क्रिप्शन दोन्हीकडे सारखंच.

सुरसागर_वाचक:
डोमेन ‘.भारत’चं असेल तर सर्टबॉटला देवनागरी नाव देऊ नका, ‘एक्सएन--’ने सुरू होणारं रूप द्या.

दांडियाबाजार_मंडळ:
डोमेन साधं डॉट कॉम आहे. --वेबरूट वापरलं, नावं दोन्ही. ‘डिटेल:’नंतर कोलनवाला एक लांबलचक पत्ता होता, २००१ ने सुरू होणारा. कामाचा वाटला नाही म्हणून गाळला.

रावपुरा_रूट:
तोच कामाचा. हा आयपीव्ही६ (नव्या, लांब पद्धतीचा) पत्ता तुमच्या नव्या व्हीपीएसचा आहे का, पॅनेलमध्ये बघा. माझ्या मते जुन्या होस्टिंगचा आहे. साइट हलवताना तुम्ही ए रेकॉर्ड (डोमेनला आयपीव्ही४ पत्ता जोडणारं) बदललंत, क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता जोडणारं) तसंच राहिलं. लेट्स एन्क्रिप्टला दोन्ही दिसले तर ते आधी आयपीव्ही६ वर जातं, आणि तिथे जोडणीच झाली नाही तरच आयपीव्ही४ कडे वळतं. इथे जुना सर्व्हर जागा आहे आणि इमानदारीत ४०४ देतोय, मग वळायचं कशाला? तुमच्या घरच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नसणार, म्हणून तुम्हाला नवा सर्व्हर दिसतो. फोनचं वायफाय बंद करून जिओच्या डेटावर उघडा, जुनं पान येईल.

‘डिग’ या कमांडने दोन्ही नावांची क्वाड-ए रेकॉर्डं तपासा आणि जुनी काढून टाका. नव्या सर्व्हरचा आयपीव्ही६ नंतर घालायचा असेल तर एनजिनएक्समध्ये ‘लिसन [::]:८०’ आणि ‘[::]:४४३’ या ओळी आधी हव्यात.

दांडियाबाजार_मंडळ:
फोनवर खरंच गेल्या वर्षीचा कार्यक्रम दिसतोय! दोन्ही क्वाड-ए काढली. ड्राय-रन पास, मग खरं सर्टिफिकेटही मिळालं. फोनवर अजून जुनंच आहे.

रावपुरा_रूट:
टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) किती आहे? १४४०० असेल तर चार तास धरा. लेट्स एन्क्रिप्ट थेट मूळ नेमसर्व्हरला विचारतं, म्हणून त्यांना बदल आधी दिसला. --वेबरूटमध्ये एनजिनएक्स आपोआप रीलोड होत नाही, तेव्हा --डिप्लॉय-हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आलं की चालणारी कमांड) ‘सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’ द्या. नाहीतर डिस्कवर नवं सर्टिफिकेट येतं आणि एनजिनएक्स मेमरीतलं जुनंच देत बसतं. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केली आहे, तेव्हा कॅलेंडरमध्ये ६५ व्या दिवसाची आठवण लावा. सर्टबॉट ३० दिवस उरले की नूतनीकरण करतं. ६५ व्या दिवशी जुनीच तारीख दिसली तर काहीतरी अडलंय.

कारेलीबाग_के:
‘एसएसएल_सर्टिफिकेट’च्या ओळीत फुलचेन.पेम आहे ना? सर्ट.पेम दिलं की मधलं सर्टिफिकेट (तुमचं सर्टिफिकेट मूळ विश्वासू सर्टिफिकेटशी जोडणारं) जात नाही. लॅपटॉपचा ब्राउझर ते बहुतेक वेळा स्वतः मिळवतो, पण कर्ल (कमांडने पान उघडणारं साधन) अडतं आणि काही मोबाइल अ‍ॅपही.

दांडियाबाजार_मंडळ:
सर्ट.पेमच दिलं होतं. बदलून रीलोड केलं, कर्ल आता बिनतक्रार उघडतंय.