लुका वुश्कोविचने स्प्लिट इतक्या लवकर सोडायला हवं होतं का?

कोपरा_किक:
लुका वुश्कोविच, स्प्लिटचा, जन्म फेब्रुवारी २००७, क्रोएशियातल्या त्या शहराच्या हायदुक क्लबच्या अकादमीत घडलेला सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. २०२३ मध्ये सोळाव्या वर्षी मुख्य संघात आला, त्याच मोसमात क्लबने क्रोएशियन कप जिंकला आणि सप्टेंबरमध्ये लंडनच्या टॉटनहॅमशी करारही झाला. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबांना १८ वर्षांखालचा परदेशी खेळाडू घेता येत नाही, म्हणून लंडनला जाणं २०२५ मध्ये ठरलं. मधल्या काळात तो पोलंडच्या राडोमियाककडून आणि मग बेल्जियमच्या वेस्टरलोकडून लोनवर, म्हणजे उसना, खेळला. पोल्युडच्या, म्हणजे हायदुकच्या घरच्या मैदानाच्या, वाट्याला त्याचे जेमतेम काही सामने आले.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. तो काळ त्याने घरी काढायला हवा होता. क्रोएशियाचाच बचावपटू ग्वार्डिओलचं बघा. २०२० मध्ये जर्मनीच्या लाइपझिशने घेतलं, पण पुढचा मोसम तो लोनवर डिनामो झाग्रेबमध्येच राहिला. मार्च २०२१ मध्ये टॉटनहॅमकडून २-० हरून आलेल्या डिनामोने झाग्रेबमध्ये ३-० ने डाव उलटवला, त्या संघात तो होता. ओळखीचा ड्रेसिंग रूम, आपली भाषा, आणि वर युरोपातल्या मोठ्या रात्री.

रात्रीचा_प्रेक्षक:
अजिबात पटलं नाही. डिनामो दरवर्षी युरोपात खेळतो, हायदुकचं तसं नाही. हा करार झाला तेव्हा हायदुकला लीग जिंकून १८ वर्षं झाली होती! एवढी वाट पाहिलेलं शहर पोराच्या चुका पोटात घालेल? विंगरने चेंडू घालवला तर कुणाच्या लक्षातही राहत नाही, सेंटर बॅकने घालवला की गोल बसतो.

आणि जानेवारी २०२४ आठवा. टॉटनहॅमकडूनच पस्तिशीला टेकलेला, मूळ स्प्लिटचा पेरिशिच लोनवर हायदुकला परतला आणि थोड्याच दिवसांत लुका राडोमला, राडोमियाकच्या गावी, गेला. क्लबला तेव्हा लगेच जिंकायचं होतं. मग मुलाने बाकावर बसून काय शिकायचं?

कोपरा_किक:
पेरिशिचचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात नव्हता. पण मला त्यातच दुःख वाटतं. पस्तिशीचा माणूस घरी येतो आणि सतराचा बाहेर जातो, तर अकादमी कुणासाठी चालवायची?

डावा_पाय:
घाईचं खरं उदाहरण क्रोएशियाचाच मिडफिल्डर हालिलोविच. २०१२ मध्ये सोळाव्या वर्षी डिनामोत, २०१३ मध्ये सोळाव्याच वर्षी राष्ट्रीय संघात, २०१४ मध्ये बार्सिलोनात. तिथे खेळला बी संघात, आणि तो संघ त्याच मोसमात खालच्या विभागात गेला. मग हिहोन, हॅम्बुर्ग, लास पाल्मास, मिलान... दर वेळी नवा प्रशिक्षक, नवी भाषा. इतका नाजूक डावा पाय असलेला मुलगा कुठेच रुजला नाही. लुकाच्या बाबतीत मला हीच धास्ती होती.

रात्रीचा_प्रेक्षक:
हालिलोविच अडकला तो मोठ्या नावाच्या क्लबात. लुका गेला लहान क्लबांत, जिथे तो दर आठवड्याला मैदानात होता. बेल्जियममध्ये बचावपटू असून हेडरने गोल करत सुटला. कॉर्नरला त्याचं अंगावर येणं बघा, धिप्पाड पुरुषांशी भिडून भिडूनच ते येतं. मॉड्रिचलासुद्धा डिनामोने अठराव्या वर्षी मोस्तारच्या झ्रिन्यस्कीकडे पाठवलं होतं. बोस्नियाच्या त्या धसमुसळ्या लीगमध्ये तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कोपरा_किक:
मॉड्रिच मोस्तारहून परत डिनामोत आला, पुढे लीग जिंकूनच २००८ मध्ये लंडनला गेला. माझं म्हणणं एवढंच आहे. बाहेर पाठवा, पण परत घरी आणा. लुकाला परतीची वाटच नव्हती, करार आधीच झाला होता.

डावा_पाय:
हे मात्र पटलं. राडोमला माझी हरकत नाही, सोळाव्या वर्षी झालेल्या सहीला आहे.

रात्रीचा_प्रेक्षक:
ती सही नसती तर कदाचित बेल्जियमही मिळालं नसतं. मी अजून माझ्याच मतावर आहे.