मदत हवी आहे : गिरगावातल्या चाळीचा पुनर्विकास, संमतीपत्रात मजल्यांची अट घालता येते का?

गिरगावात तळमजला अधिक तीन, १९४० पूर्वीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सेस भरणारी) चाळ. आम्ही सगळे पागडीवाले, म्हणजे पागडी देऊन राहणारे जुने भाडेकरू. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या, अशा जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियम ३३(७) खाली मालकाने विकासक आणलाय. तोंडी बोलणं सात-आठ मजल्यांचं, संमतीपत्राच्या मसुद्यात मात्र मजल्यांचा रकाना कोराच. टॉवर झाला तर मेंटेनन्स पेन्शनीत बसणार नाही, ही खरी धास्ती. प्रत्येकाला किमान ३०० चौरस फूट कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्र), ५१ टक्के भाडेकरूंची संमती वगैरे ठाऊक आहे. ओळखीच्या आर्किटेक्टच्या मते आठ मजल्यांत गणित बसतं. वकील म्हणतात, नकाशे पास झाल्यावर बघू. तोवर सह्या होऊन गेलेल्या असतील! संमतीपत्रातच मजल्यांची अट लिहून घेऊन कुणी सही केली आहे का, आणि पुढे नकाशे बदलले तेव्हा ती टिकली का?