सणात सुटे पैसे द्यावेतच
सणासुदीला अनोळखी माणसाला दहा-वीस रुपये देण्यापेक्षा तेच संस्थेला द्यावेत, असं काही जण म्हणतात. संस्थेला जरूर द्या, पण त्यासाठी हे बंद करू नका. आमच्या नंदुरबारकडे होळीला सातपुड्यात गेरची, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या नाचाची पथकं निघतात. कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेची नक्षी. नवसाची ही माणसं ते दिवस कडक पाळतात, अनवाणी राहतात, खाटेवर झोपत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याच्या वाटेवर ते फगवा, म्हणजे होळीचे पैसे मागतात. ही भीक नव्हे, सणातला त्यांचा मान आहे. गाडीची काच वर करून निघून जाणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

चैत्रात सप्तशृंग गडाला पायी निघालेले खान्देशी भाविक भेटतात, त्यांना मात्र नोटेपेक्षा पाणी आणि केळी द्या.

हल्ली सगळे व्यवहार मोबाइलवर, खिशात सुटे नसतातच. म्हणून सणाआधी बँकेतून दहाच्या नोटांचं बंडल आणावं. शंभर नोटा, म्हणजे हजार रुपये. घरातल्या मुलांच्या हातूनही देता येतात. आणि कृपा करून देताना फोटो काढू नका.