मदत हवी आहे : गुलमर्गला ११ जणांसाठी स्कीइंगचं सामान भाड्याने घेताना काय बघावं?

नमस्कार मंडळी,

सोलापूरची आम्ही तीन कुटुंबं, गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की जानेवारीअखेरीस काश्मीरला निघतोय. बहुतेक मुक्काम गुलमर्गलाच. सगळ्यात लहान माझी पुतणी, आठ वर्षांची. सगळ्यात मोठे माझे सासरे, ६३ वर्षांचे. बर्फ आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. सगळ्यांनी निदान एकदा तरी स्की लावून उभं राहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

अडचण सामानाची. इथल्या एका एजंटाने पॅकेजमध्ये माणशी ‘स्की साहित्य’ धरलंय. मापं घेणार का विचारलं, तर म्हणाला, ‘११ सेट हॉटेलवर येतील, त्यातले बसतील ते घ्या.’ मला हे पटत नाही. परवा सगळ्यांना टाच भिंतीला लावून कागदावर उभं केलं आणि अंगठ्यापर्यंतचं माप घेतलं. सासऱ्यांचा उजवा पाय २६.५ सेंमी, डावा २७. पुतणीचा २०.५. अशा मापांना ढिगातून जोडी कशी निघणार?

सामान इथूनच ठरवावं की तिथे दुकानात जाऊन घ्यावं? लहान मुलांच्या मापाचं मिळतं का? आणि कपड्यांचं काय करायचं? आपल्याकडे जानेवारीत एका स्वेटरवर भागतं. नवी पेठेत जॅकेटं मिळाली, पण पाणी आत न शिरणारी पँट काही मिळाली नाही.

प्रतिसाद

ताई, मी गुलमर्गलाच शिकलो, म्हणून सांगतो. पॅकेजमधून स्कीचं सामान वगळायला लावा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या. बूट पायात घातल्याशिवाय ठरत नाही. तुम्ही सेंटिमीटरमध्ये मापं घेतलीत ते उत्तम झालं, स्कीच्या बुटांचं माप त्यातच असतं. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की बोटं सुटी झाली पाहिजेत. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट परत द्या, दुकानदार ‘अजून एक मोजा घाला’ म्हणाला तरी. दोन मोज्यांनी पाय आवळतो, रक्त खेळत नाही आणि उलट जास्त गारठतो. लोकरीचा एकच पातळ, लांब मोजा घाला. सुती नको, तो घामाने ओला राहतो. मुलांची मापं मिळतात, पण कमी असतात, म्हणून सकाळी दुकान उघडताच आधी मुलांना उभं करा. नवशिक्याला स्की हनुवटीपर्यंत किंवा थोडी खालीच असावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बूट स्कीला जिथे अडकतो ते बाइंडिंग. पडल्यावर ते सुटलं नाही तर गुडघा पिरगळतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि अनुभव बघून ते किती जोराला सुटावं याचा आकडा त्यावर लावतात. दुकानदाराने वजन विचारलं नाही तर स्वतःहून सांगा आणि समोर लावून घ्या. ११ जणांत नेमकं इथेच बिनसतं. दुपारी चहाला सगळ्या स्की एकत्र उभ्या राहतात आणि मग जो तो हाताला येईल ती घेतो. जड माणसाच्या आकड्यावर लावलेली स्की हलक्या माणसाच्या पायात गेली तर पडल्यावरही स्की सुटेलच असं नाही. प्रत्येकाच्या स्कीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. त्यात माझी भर. गुलमर्गच्या अलीकडे टंगमर्गला गाडी थांबली की गमबूट आणि लांब कोट भाड्याने देणारे पुढे येतात. बर्फात फिरायला ते ठीक, स्कीइंगच्या कामाचे नाहीत. वॉटरप्रूफ पँट गुलमर्गच्या स्कीच्या दुकानात भाड्याने घ्या. हातमोजे, मोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे असू द्यात. हेल्मेट सगळ्यांना हवंच. जुनं ओरखडे पडलेलं सामान असतं, त्यामुळे ताब्यात घेतानाच फोटो काढा, म्हणजे परत देताना वाद नको. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. फोनवरून पैसे देता येतील या भरवशावर राहू नका, भाडं आणि अनामत रोख ठेवा.

शिकायला गोल्फच्या मैदानाजवळचा उतार पुरे. गंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर जातो. तिथून स्कीवर उतरणं नवशिक्याचं काम नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एजंटाशी आजच बोलले, सामान वगळायला तयार झालाय. रंगीत पट्ट्याही आणल्या.

एक राहिलंच. सासऱ्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, पावलांना थोडा बधिरपणा आहे. त्यांची फार हौस आहे, मला त्यांचं मन मोडायचं नाही. त्यांच्या बुटांचं काय करू?

प्रतिसाद

ताई, आधी त्यांच्या डॉक्टरांना पाय दाखवा आणि स्कीचा बूट घट्ट व कडक असतो हे स्पष्ट सांगा. बधिर पायाला बूट चावतोय किंवा बोटं गारठलीत हे कळतच नाही, म्हणून ‘मला काही होत नाहीये’ यावर विसंबू नका. डॉक्टर हो म्हणाले तर बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्या आणि लहान पायाची बक्कल जरा जास्त आवळा. थोड्या थोड्या वेळाने आत नेऊन बूट काढा, मोजा उतरवा आणि तुम्ही स्वतः पावलं बघा. कुठे लाल किंवा पांढरट डाग दिसला तर त्या दिवशी पुन्हा बूट नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांना गंडोलाने पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला न्या. मात्र तिथेही बर्फ असतोच, तेव्हा पायात उबदार, सैल आणि कोरडे बूट हवेत.