‘ऑटो-इंडेंट’ : एकाच शब्दाने भागेल का?

प्रश्न : कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये एंटर दाबल्यावर पुढची ओळ आपोआप आत सरकते, त्याला मराठीत काय म्हणावे? ‘स्वयंसमास’ चालेल का?

उत्तर : ‘समास’ नको. समास पानाच्या सगळ्या ओळींना सारखाच असतो, तर इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा, ओळीगणिक बदलतो आणि कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात आहे हे त्यावरूनच कळते. ‘इंडेंट’ हाच शब्द रुळलेला आहे, तो राहू द्यावा. क्रियापदाकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण ‘ऑटो-इंडेंट’ या नावाखाली दोन निराळी कामे चालतात आणि तक्रार करणारे बहुतेक जण ती एकच समजतात. व्हिम या एडिटरमधला ‘ऑटोइंडेंट’ मागच्या ओळीचा इंडेंट जसाच्या तसा पुढे नेतो. ‘सीइंडेंट’ मात्र सी भाषेचे नियम आणि महिरपी कंस पाहून तो ठरवतो. म्हणून पहिल्याला ‘इंडेंट पुढे नेणे’ आणि दुसऱ्याला ‘इंडेंट ठरवणे’ म्हणावे.

आधीच इंडेंट असलेला कोड टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) व्हिममध्ये पेस्ट केला आणि तो पेस्ट केलेला आहे हे व्हिमला कळले नाही, तर प्रत्येक ओळीच्या स्वतःच्या स्पेसमध्ये मागच्या ओळीच्या स्पेसची भर पडते आणि कोड जिन्यासारखा उजवीकडे उतरत जातो. हा दोष पुढे नेण्याचा आहे; पेस्ट करण्यापूर्वी ‘सेट पेस्ट’ ही आज्ञा दिली की तो टळतो. याउलट व्हिमचीच ‘स्मार्टइंडेंट’ ही सोय चालू असताना पायथन भाषेतल्या कोडच्या नव्या ओळीत सुरुवातीलाच हॅश चिन्ह टाइप केले, तर ती कॉमेंट (कोडमधली टीप) थेट पहिल्या रकान्यात जाऊन बसते, कारण सीमध्ये त्या चिन्हाने प्रीप्रोसेसरची, म्हणजे संकलनाआधी कोडवर काम करणाऱ्या भागाची, सूचना सुरू होते. हा दोष ठरवण्याचा आहे, आणि त्यावर भाषेनुसार इंडेंट ठरवणारी फाइल चालू करणे हाच खरा उपाय आहे.

पुरवणी प्रश्न : टॅब आणि स्पेसची सरमिसळ यांपैकी कशात धरावी?

उत्तर : कशातच नाही, तिला ‘सरमिसळ’च म्हणावे. टॅबची रुंदी एकाने 8 आणि दुसऱ्याने 4 धरली की तोच कोड दोघांना वेगळा दिसतो, आणि सरमिसळीमुळे अर्थ संदिग्ध होत असेल तर पायथन 3 ‘टॅबएरर’ देऊन थांबतो. ‘रीइंडेंट’साठी ‘इंडेंट नव्याने लावणे’ हे सरळ आहे, पण पायथनबाबत तो शब्द जपून वापरावा: सीमध्ये इंडेंट पुसला गेला तरी कंसांवरून तो पुन्हा लावता येतो, पायथनमध्ये मात्र इंडेंटबरोबर ओळ कोणत्या गटातली होती हेही पुसले जाते.